स्टेशनरीतले आठवे अक्षर

आमचे वह्या-पुस्तकांचे दुकान होते. दुकानावरच्या पत्र्याच्या पाटीवर वरच्या ओळीत मराठीत आणि खालच्या ओळीत इंग्रजीत 'जनरल स्टोअर्स अँड स्टेशनरी' असे रंगवलेले होते. इंग्रजी 'स्टेशनरी'मध्ये जिथे ई हवा होता तिथे ए होता, आणि ती पाटी तशीच अकरा वर्षे टांगलेली होती. एका जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या आदल्या आठवड्यातल्या गर्दीत, एक निवृत्त शिक्षिका नातवासाठी दोनशे पानी वह्या घ्यायला आल्या. पैसे दिल्यावर, शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, त्या बाबांना म्हणाल्या, "भाऊ, पाटीवरचं तेवढं स्पेलिंग बदलून घ्या. आत्ता जे लिहिलंय त्याचा अर्थ 'जागचं न हलणारं' असा होतो."

बाबांनी त्याच आठवड्यात पेंटरला बोलावले. त्याने आधी पिवळ्या रंगाने तो ए झाकला, रंग वाळेपर्यंत समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि मग लाल रंगाने ई काढला. मी खाली शिडी धरून उभा होतो. बाबा मात्र पाटीकडे बघत म्हणाले, "उच्चार तर तोच आहे, मग अक्षर वेगळं कशाला?" या प्रश्नाचे उत्तर मला शाळेत कोणी दिले नव्हते. ते पुढे मी शोधले, आणि तेव्हापासून हा शब्द माझ्या जिव्हाळ्याचा झाला आहे.

दोन्ही शब्द दहा-दहा अक्षरांचे आहेत. पहिली सात अक्षरे म्हणजे आपले ओळखीचे 'स्टेशन'. पुढे ई-आर-वाय आले की अर्थ होतो कागद, पेन, पाकिटे, वह्या, म्हणजे लेखनसामग्री. ए-आर-वाय आले की अर्थ होतो स्थिर, एका जागी उभे असलेले. उभ्या ट्रकला मागून मोटार धडकल्याची बातमी इंग्रजीत आली तर त्या ट्रकसाठी ए असलेला शब्द येईल, आणि व्यायामशाळेतल्या, पेडल मारूनही पुढे न जाणाऱ्या सायकलसाठीही तोच. सगळा फरक आठव्या अक्षराचा आहे.

हा फरक कोणी लहर म्हणून केलेला नाही. मध्ययुगीन युरोपात पॅरिस, बोलोन्या, ऑक्सफर्ड यांसारख्या विद्यापीठांच्या आसपास पुस्तकांचा व्यवहार करणारे लोक असत. गावोगाव फिरून माल विकणाऱ्या फेरीवाल्यांहून ते वेगळे होते, कारण त्यांचे बस्तान एका ठरलेल्या जागी असे. म्हणून लॅटिनमध्ये त्यांना 'स्टेशनारियस', म्हणजे ठाण मांडून बसलेला, असे म्हणत. छापखाने येण्यापूर्वीच्या त्या काळात हे लोक ग्रंथाची मूळ प्रत सुट्या भागांत ठेवत आणि विद्यार्थी एकेक भाग भाड्याने नेऊन, नकलून परत करीत. इंग्रजीत या व्यावसायिकाला 'स्टेशनर' हे नाव पडले. लंडनमध्ये १४०३ साली त्यांचा संघ स्थापन झाला, १५५७ साली त्याला राजसनद मिळाली, आणि पुढे पुस्तक छापण्याचा हक्क कोणाचा हे याच संघाच्या नोंदवहीवरून ठरू लागले. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला एकत्रित संग्रह प्रसिद्ध होण्यापूर्वीही त्या वहीत नोंद करावी लागली होती. कालांतराने पुस्तके प्रकाशक आणि पुस्तकविक्रेते यांच्याकडे गेली आणि स्टेशनरकडे कागद, शाई आणि लेखण्या राहिल्या. तो जे विकतो ती स्टेशनरी.

म्हणजे ई कुठून आला हे उघड आहे. बेकरची बेकरी, ग्रोसरची ग्रोसरी, ज्वेलरची ज्वेलरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी. आपल्याकडे कुंभारावरून कुंभारकी आणि सुतारावरून सुतारकी होते, तसाच हा प्रकार आहे. या शब्दात एक माणूस बसलेला आहे, आणि ई च्या जागी ए लिहिला की तो माणूस शब्दातून उठून जातो. ए असलेला शब्द मात्र थेट लॅटिन विशेषणावरून आला, आणि त्याचे शेपूट प्रायमरी, सेकंडरी, टेम्पररी या शब्दांसारखे राहिले.

मराठी माणसाला तर हे अधिक जवळचे वाटायला हवे. लॅटिनमध्ये 'उभे राहणे' या अर्थाचा जो धातू या शब्दांच्या मुळाशी आहे, तो आणि संस्कृतातला 'स्था' हे एकाच प्राचीन मुळाचे आहेत. स्थान, स्थिर, स्थिती, स्थानक ही सारी त्याच घरातली मंडळी. 'स्थान'चे प्राकृतातून ठाण आणि ठाणे झाले, म्हणून पोलीस स्टेशनला आपण पोलीस ठाणे म्हणतो तेव्हा दोन सख्ख्या नात्यातले शब्द एकमेकांची जागा घेत असतात. शिलाहारांच्या लेखांत ज्याला श्रीस्थानक म्हटले आहे ते आजचे ठाणे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी तिथे पोहोचली आणि 'ठाणे स्टेशन' ही जोडी तयार झाली, ज्यातले दोन्ही शब्द मुळात एकच. मला हे पहिल्यांदा कळले त्या दिवशी मी लोकलमध्ये उभ्याउभ्या कितीतरी वेळ याच विचारात होतो.

एवढे असूनही ही चूक आजही कोटेशनमध्ये, बिलबुकावर, संस्थांच्या अंदाजपत्रकात आणि निविदांच्या जाहिरातीत सर्रास दिसते. याचे एक साधे कारण असे की दोन्ही शब्द खरे असल्यामुळे संगणक बहुधा खाली लाल रेघ ओढत नाही. दुसरे असे की जुन्या फाइलवरूनच नवी फाइल तयार होते आणि चूक वर्षानुवर्षे मुक्काम करते. अनेकवचनाचे तेच. इंग्रजीत स्टेशनरी हा शब्द मोजता येत नाही, त्यामुळे त्याच्या शेवटी 'ज' जोडून 'स्टेशनरीज' करणे चूक आहे, तरी फलकांवर ते दिसतेच.

"अर्थ कळला ना, मग झालं," असे ज्यांना वाटते त्यांना मी इतकेच विचारतो की १ मे रोजी एखाद्या फलकावर 'महाराष्ट्र दीन' असे दिसले तर तुम्हाला खटकते की नाही? उच्चारात कानाला फारसा फरक कळत नाही, पण दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, लाचार. जी काळजी आपण मराठीबाबत करतो, आणि केलीच पाहिजे, तीच परक्या भाषेचा शब्द वापरताना करावी असे माझे ठाम मत आहे. ती करायची नसेल तर 'लेखनसामग्री' हा उत्तम शब्द आपल्याकडे आहे, आणि शासनाच्या मुद्रणविषयक संचालनालयाच्या नावातही तोच आहे. माझी तक्रार शिकवण्याच्या पद्धतीबद्दल आहे. मुलाच्या वहीत या शब्दाभोवती लाल गोल काढला जातो, तो दहा वेळा लिहायला लावला जातो, पण त्यातल्या स्टेशनरची ओळख कोणी करून देत नाही. दहा वेळा लिहिलेले दहा दिवसांत पुसले जाते.

मागच्या महिन्यात एका फ्लेक्सच्या दुकानात माझ्या शेजारी एका नव्या दुकानाचा फलक संगणकावर तयार होत होता आणि त्यात तोच ए होता. मी त्या बाईंची आठवण ठेवून हळूच संगणकावरच्या मुलाला सांगितले, बेकर आणि ज्वेलरचे उदाहरणही दिले. त्याने अक्षर बदलले, क्षणभर थांबला आणि म्हणाला, "काका, मग डिक्शनरीला ए का?" प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हटले, "डिक्शनर नावाचा कोणी दुकानदार असतो का?" तो म्हणाला, "नाही." "म्हणून तिथे ए."