रस्ता रिकामा नाहीये

शाळेच्या ग्रुपवर सकाळी एक व्हिडिओ आला. कॅलिफोर्नियातला आमचा एक मित्र वेमोच्या गाडीत मागच्या सीटवर बसलाय, पुढे स्टिअरिंग आपलं आपण फिरतंय आणि ड्रायव्हरच्या जागी कोणीच नाही. मलाही मजा वाटली, खोटं कशाला बोलू. अंगठासुद्धा टाकला. मग पुण्यातल्या दुसऱ्या मित्राने खाली लिहिलं, ‘आपल्याकडे याच्या टेस्टिंगला समृद्धी एकदम आयडियल. टोल रोड, दोन्ही बाजूंनी कुंपण, टू-व्हीलर नाही, सिग्नल नाही आणि मुख्य म्हणजे रिकामा.’ त्यावर टाळ्या, रॉकेट, तिरंगा. सगळं आलं.

रिकामा.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जात नाहीये. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात लागला. ग्रुपवर भांडण नको म्हणून इथे लिहितेय. तो इथेही आहे, वाचेलच. वाच बाबा.

ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकलंय त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडले तरी चालतील. मार्च २०२३. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू होऊन तीनच महिने झाले होते. रात्री साडेनऊला फोन आला, संभाजीनगरचा मामा गेला. सकाळी लवकर उचलणार होते आणि आईला भावाचं तोंड बघायचं होतं. नेहमीच्या ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं, गाडी आहे का? म्हणाला, आहे ना ताई, पाठवतो. अकराला गाडी दारात. ड्रायव्हर पन्नाशीचे, कपाळाला बुक्का, बोलणं अस्सल वऱ्हाडी. गाडी आहे का हे मी विचारलं. ड्रायव्हर झोपलाय का हे विचारायचं मला सुचलं नाही.

कारंजा मागे पडलं आणि दोनच्या सुमारास कडेच्या पट्ट्यावर चाक गेलं. घर्रर्र. मी दचकून पाहिलं तर ड्रायव्हरभाऊंची मान किंचित खाली. अर्धा सेकंद असेल, एक असेल. आई मागून अगदी शांत आवाजात म्हणाली, ‘भाऊ, चहा घेता का?’ तिने थर्मास आणला होता. तेव्हा त्या रस्त्यावर घोटभर चहा मिळेल अशी जागा आम्हाला कुठे दिसली नव्हती. भाऊंनी गाडी कडेला घेतली, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं, चहा प्यायले. मग ओशाळून बोलले. आदल्या रात्री लग्नाचं वऱ्हाड सोडलं होतं, सकाळी अमरावती करून आले होते, जेवायला बसले आणि मालकाचा फोन आला. ‘जुन्या रोडनं खड्डे होते ताई, झोप लागू देत नव्हते. ह्या रोडनं आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यावानी वाटते.’

सरळ, एकसुरी रस्त्यावर ड्रायव्हरला गुंगी येते, तिला हायवे हिप्नॉसिस म्हणतात. हा शब्द पेपरांतून नंतर आला. मला तो आईच्या मांडीसकट आधीच कळला होता.

तर मित्रा, ‘समृद्धीवर चाचणी घ्या’ म्हणतोस ना? झाली की चाचणी. आमच्यावरच झाली. पाचशे किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा पट्टा, गाड्यांना १२० चा वेग आणि त्याच्या कडेला माणसाला पाठ टेकायची सोय नाही, अशा रस्त्यावर काय होतं याचा प्रयोग डिसेंबर २०२२ पासून सुरूच होता. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली. २५ माणसं गेली. महिनाभरात शहापूरजवळ याच रस्त्याच्या कामावर गर्डर लाँचर (पुलाच्या तुळया चढवणारं अवजड यंत्र) कोसळला आणि वीस कामगार गेले. बस पेटली त्या दिवशी टीव्हीवर तिचा सांगाडा बघून आई म्हणाली, आपण इथूनच गेलो होतो ना? आणि मग म्हणाली, त्या भाऊंना फोन लाव. लावला. ते घरी होते. आई रडली. मामा गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

हो, माहितीये. तुम्ही आता म्हणणार, हाच तर मुद्दा आहे, यंत्राला झोप येत नाही. येत नाही. मान्य. यंत्र दारूही पीत नाही, मोबाइलवर रीलही बघत नाही. झालं?

पण ती रात्र तिथे संपत नाही. मेहकरच्या पुढे भाऊंनी एकदम वेग कमी केला. मला काहीच दिसलं नव्हतं. मग दिव्यांच्या टोकाला एक रोही. नीलगाय हो, आमच्याकडे रोही म्हणतात. कुंपण कुठेतरी तुटलेलं असणार. ती टणाटणा पलीकडे गेली, रस्ता मोकळा झाला. भाऊ मात्र गाडी पुढे घेईनात. मागचे दिवे लुकलुकत ठेवले आणि थांबून राहिले. मी म्हटलं, गेली ना? तर म्हणाले, ‘रोही एकटी नसते ताई. थांबा जराक, मांगून अखीन येतीन.’ आणि आल्या. तीन. शेवटचं पिल्लू होतं, ते मधल्या दुभाजकापाशी घुटमळलं, मग गेलं. तेव्हा कुठे भाऊंनी गिअर टाकला.

हे ज्ञान कुठल्या कॅमेऱ्यात आहे? असेलही उद्या, मी नाही म्हणत नाही. दोन लाख रोह्या दाखवल्या तर तेही शिकेल बिचारं. पण त्या दोन लाख रोह्या त्याला कोण दाखवणार आणि तोपर्यंत समोरून कोण येत असेल, एवढंच विचारतेय.

चिडून दुपारी वाचत बसले. टोलरस्ते असल्या प्रयोगांना देण्याची कल्पना काही आमच्या मित्राची नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने स्वयंचलित गाड्यांच्या चाचणीसाठी दहा जागा जाहीर केल्या होत्या. त्यात नॉर्थ कॅरोलिनाचं टोलरस्त्यांचं प्राधिकरण होतं, रॅलेजवळचा त्यांचा जेमतेम तीस किलोमीटरचा एक्सप्रेसवे घेऊन. कारण तेच, येण्याजाण्याची दारं मोजकी, पादचारी नाहीत, टोलमुळे प्रत्येक गाडीची नोंद. आणि गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, त्याच खात्याने सांगून टाकलं की त्या दहा जागांचा तो दर्जा आता आम्ही धरत नाही. नावं मोठी, पाट्या मोठ्या आणि वर्ष-दोन वर्षांत मोडीत. आपल्याला हे नवीन नाही, कोनशिला बघत तर मोठे झालोय आपण.

आणि त्याच २०१८ च्या मार्चमध्ये अॅरिझोनात टेम्पी गावी उबरची चाचणीची गाडी रात्री एका बाईच्या अंगावर गेली. ती सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होती. गाडीच्या यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. साडेपाच सेकंद! एवढ्यात भाऊ गाडी थांबवून वर माझ्याशी दोन वाक्यं बोलले असते. पण यंत्रणेला ती कोण हेच ठरवता येईना. आधी गाडी, मग आणखी काहीतरी, मग सायकल. जिथे झेब्राचे पट्टे नाहीत तिथेही माणूस रस्ता ओलांडू शकतो, हे त्या प्रोग्रॅममध्ये घातलेलंच नव्हतं. अहो, आपल्याकडे पट्टे असतात तिथूनच कोणी ओलांडत नाही!

थांबा, त्यापुढचं ऐका. त्या गाडीत लक्ष ठेवायला एक बाई बसवली होती. ती फोनवर कार्यक्रम बघत होती. चूक तिची होतीच, पाठराखण करत नाहीये. पण शेवटी गुन्हा कोणाच्या माथी आला? तिच्याच. जुलै २०२३ मध्ये तिने कबुली दिली, तीन वर्षं देखरेखीची शिक्षा झाली. कंपनीवर फौजदारी खटला चाललाच नाही. सिंदखेडराजाच्या बसनंतर टीव्हीवर दिवसभर काय चाललं होतं आठवतंय? ड्रायव्हरला डुलकी लागली का, टायर फुटला का. महिना तोच, जुलै २०२३. ड्रायव्हर आदल्या दिवशी किती झोपला होता आणि त्याला किती झोपू दिलं होतं, हे विचारणारा एकही अँकर मला दिसला नाही.

गडकरींनी २०२३ च्या शेवटी नागपुरातच सांगितलं होतं की चालकविरहित गाड्या मी भारतात येऊ देणार नाही, ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील. त्यांचं मला सगळं पटतं अशातला भाग नाही, टोलवर तर आमच्या घरात रोज भांडणं होतात. पण त्या दिवशी बरं वाटलं होतं. तरी भरवसा किती ठेवायचा? २०१९ च्या दुरुस्तीत नव्या तंत्राच्या प्रयोगासाठी गाड्यांना सूट देण्याची वाट मोटार वाहन कायद्यात केंद्राने करून ठेवलेलीच आहे. आणि दुसरीकडे १९६१ साली कायदा केला की मोटार कामगाराला दिवसाला आठ तासांचं काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. एकसष्ट साली! भाऊंना हे सांगितलं असतं तर हसून स्टिअरिंग सुटलं असतं त्यांच्या हातून.

म्हणून माझा राग यंत्रावर नाहीये. आत्ता लिहिता लिहिता कळतंय मलाच. गाडीत डोळे मिटायला लागले की शिट्टी वाजवणारं यंत्र असतं ना, ते प्रत्येक ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसवा, मी पेढे वाटते. (आमच्याकडे ते यंत्र मागच्या सीटवर थर्मास घेऊन बसलं होतं आणि त्याने पहाटेपर्यंत भाऊंना बोलतं ठेवलं. किती मुलं, मुलगी काय शिकते, कापूस यंदा काय भावाने गेला. जालना येईपर्यंत मला त्यांच्या मुलीच्या बारावीचे मार्क पाठ झाले होते.) राग आहे तो ‘रिकामा’ या शब्दावर.

कारण रिकामा कोणाला दिसतो तो? एसी गाडीत बसून १२० ने जाणाऱ्याला. तो रस्ता दहा जिल्ह्यांमधून जातो, ७०१ किलोमीटर, आणि त्यातला फूट न् फूट कोणाच्या तरी शेतातून गेलाय. माझ्या चुलतसासऱ्यांचं वावर या बाजूला आणि विहीर त्या बाजूला. मोबदला मिळाला, चांगला मिळाला, नाही म्हणत नाही. पण म्हातारा माणूस दोन किलोमीटरवरच्या बोगद्यातून वळसा घालेल की कुंपणाच्या भोकातून जाईल? दुभाजकातल्या झाडांना पाणी घालणाऱ्या बायका, बंद पडलेल्या ट्रकखाली आडवा झालेला क्लीनर, कडेला गाडी लावून तासभर डोळा लावणारा ड्रायव्हर. हे सगळे तिथेच असतात. नियमाने तिथे नसायला हवेत, हेही खरं. पण टेम्पीच्या त्या बाईनेही नियमाने तिथून ओलांडायला नको होतं.

चाचणी घ्यायचीच असेल तर बंद ट्रॅकवर घ्या ना, कोण अडवतंय? आणि रस्त्यावरच घ्यायची तर फास्टॅगमधून पैसे कापून घेता त्या प्रत्येकाला आधी सांगा. पाटी लावा, पुढे शंभर किलोमीटर तुमच्या शेजारून बिनड्रायव्हरची गाडी जाऊ शकते, पटत नसेल तर इथून बाहेर पडा, टोल परत. नागपूरहून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत साध्या कारला चौदाशेच्या वर टोल आहे. पैसे आमचे, जीव आमचा, माहिती कंपनीची. हे गणित तुमच्यापैकी कोणाला जुळवता आलं तर मलाही शिकवा.

जास्त बोलले का? असेन. पुण्यातल्या मित्रा, तू वाईट नाहीस, हे मला माहितीये. दहावीत माझी सायकल पंक्चर झाली तेव्हा तूच चालत सोबत आला होतास. तू तो रस्ता दिवसा बघितलायस, एवढंच. एकदा रात्री दोनला कारंज्याच्या पुढे जाऊन ये. येताना ड्रायव्हरला विचार, काल किती झोपलात.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं, भाऊंनाच विचारावं बिनड्रायव्हरच्या गाडीबद्दल काय वाटतं. त्यांचं वाक्य टाकून पोस्ट संपवावी असा माझा बेत होता. फोन लावला, त्यांच्या बायकोने उचलला. रात्री शिर्डी करून सकाळी सातला आलेत म्हणाल्या, आत्ताच आडवे झालेत. उठवू का?

म्हटलं, नको नको. झोपू द्या.