कथा वगळणारा खेळाडू दोषी कसा?

ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांना कथा नकोच असते, कथा सांगणारी सगळी दृश्यं वगळून पुढे पळतात, हे लेखातलं मत मला पटलं नाही. 'फायनल फँटसी १४' हा ऑनलाइन गेम बघा. मूळ कथेचा शेवट आठ जणांनी मिळून खेळायच्या दोन मोहिमांत होता. जुने खेळाडू रोजच्या बक्षिसासाठी त्याच मोहिमा पुन्हा पुन्हा करायचे आणि धावत सुटायचे. नवखा दृश्य बघून बाहेर येईपर्यंत शत्रू मेलेला! मग कंपनीने त्या मोहिमांतली दृश्यं वगळण्याची सोयच काढून टाकली. मग जुन्यांवर रोज अडकून पडायची पाळी आली. अखेर २०२२ मध्ये त्या मोहिमा चार जणांसाठी नव्याने बांधल्या, शेवटची लढाई वेगळी केली आणि संगणकाची पात्रं सोबत घेऊन खेळायची मुभाही दिली. म्हणजे कथेचा कंटाळा हे कारण नव्हतंच. पहिल्यांदा बघणारा आणि शंभराव्यांदा येणारा यांना एकाच गाडीत कोंबलं होतं. (ही दुरुस्ती फार आधी व्हायला हवी होती.)

आणि 'डेस्टिनी २' या दुसऱ्या ऑनलाइन गेमने २०२० मध्ये आपली पहिली कथाच गेममधून काढून टाकली. पैसे मोजून घेतलेली कथा अशी गायब होत असेल, तर नव्या खेळाडूने तिच्यात जीव गुंतवावा तरी कसा? लेखात यावर एक ओळही नाही.