हेड घासून दिलं म्हणजे रिबिल्ड झालं?

जुन्या पेट्रोल ट्रकचं हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, वर्कशॉपला कामाला द्या. परत येतं तेव्हा धुतलेलं, रंगवलेलं, खालचा फेस (ब्लॉकवर टेकणारी सपाट बाजू) चकाचक. सोबत तोंडी खात्री, "एकदम ओके आहे, बिनधास्त बसवा." मग मी विचारतो, गाइडमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा सरकतो त्या नळीत, क्लिअरन्स (मोकळी जागा) किती निघाला? सीटची, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतो त्या कडेची, रुंदी किती ठेवली? फेसवरून किती काढलं? तर उत्तर येतं, "अहो, आम्ही इतकी वर्षं हेच करतोय." इतकी वर्षं करताय ना, मग एक आकडा लिहून द्यायला काय जातं? पैसे घेताना बिल लिहिता, तिथे हात चालतो. मोजमाप लिहायचं म्हटलं की तोंड फिरवता.

माझा सगळ्यात जास्त संताप होतो तो गाइडवरून. सीट कापायची तर कटरचा पायलट, म्हणजे त्याला सरळ धरणारी दांडी, गाइडमध्ये बसतो. गाइड झिजून लंबगोल झालेला असेल तर पायलट डुगडुगतो आणि सीट मधोमध कापलीच जात नाही. म्हणून आधी गाइड, मग सीट. ही काही गुप्त विद्या नाही, शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात सांगायची गोष्ट आहे. आणि तरीही हेड परत येतं तेव्हा सीट ताज्या कापलेल्या आणि गाइड तेच जुने. व्हॉल्व्ह अर्धा उचलून बोटाने हलवला तर खटखट हलतो. त्यावर वरून लॅपिंग पेस्ट (घासायची पेस्ट) फासून राखाडी रिंग काढलेली, बघणाऱ्याला वाटावं की व्हॉल्व्ह बसला. पेस्टने तिरकी सीट सरळ होत नाही हो! तपासायची निळी शाई लावून व्हॉल्व्ह टेकवा, एका बाजूला शाई उठते आणि दुसरी बाजू कोरडी. इतकी साधी तपासणी, तीही करायची नाही.

आणि या कामचुकारपणाची किंमत मोजतो जळालेला वायू बाहेर सोडणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. भाराखाली त्याचं तोंड ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, आणि ती उष्णता बाहेर जाण्याची मुख्य वाट म्हणजे सीट. साधारण पाऊण भाग तिथूनच जातो. म्हणून एक्झॉस्टची सीट दीड ते दोन मिलिमीटर ठेवायची, आत घेणाऱ्या इनटेकची थोडी कमी चालते. सीट एका बाजूलाच टेकत असेल तर व्हॉल्व्ह थंड कुठून होणार? कडा जळते, कॉम्प्रेशन जातं, आणि चढावर ट्रक दम टाकतो. मग तेच लोक म्हणणार, पेट्रोल खराब असेल.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर तेही बोलतो. या जुन्या लोखंडी हेडमध्ये कित्येकदा वेगळी सीट नसतेच, हेडच्याच बिडात कापलेली असते. शिशाचं पेट्रोल होतं तोवर शिशाचा पातळ थर मधे राहायचा आणि सीट वाचायची. आता ते पेट्रोल रस्त्यावरच्या गाड्यांसाठी जगात कुठेच मिळत नाही, शेवटच्या देशाने २०२१ साली विकणं थांबवलं. शिसं नसलं की भाराखाली, जास्त आरपीएमला तापलेला व्हॉल्व्ह सीटला क्षणभर चिकटतो, उठताना लोखंडाचे कण ओढून नेतो आणि हळूहळू हेडमध्ये रुतत जातो. टॅपेटचं अंतर, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधली फट, पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर हेच चाललंय. उपाय एकच, एक्झॉस्टला कडक धातूच्या सीट रिंगा ठोकून घ्यायच्या. अपग्रेड म्हणावं असं खरं काम हे. ते सांगितलं तर "गरज नाही, थोडं ग्राइंड करतो." थोडं ग्राइंड केलं की व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी रुततो, दांडा वर येतो, स्प्रिंग ढिली पडते. खाली शिम (पातळ चकती) घालून स्प्रिंगची उंची जुळवायची असते. ती मोजली का? नाही. परत तेच.

उलट जे नको ते विकायला सगळे तयार. मोठे व्हॉल्व्ह घ्या, पोर्ट (हेडमधल्या हवा-वायूच्या वाटा) मोकळे करा, कडक स्प्रिंगा टाका. अरे, ट्रक आहे हा! याला ओझं घेऊन कमी आरपीएमवर ओढायचंय. पोर्ट उगाच मोठा केला तर खालच्या आरपीएमला हवेचा वेग पडतो आणि जिथे ताकद हवी तिथेच जाते. फार कोरलं तर थंड करणाऱ्या पाण्याच्या जॅकेटमध्ये भोक. आणि जुन्या सपाट टॅपेटवर गरजेपेक्षा कडक स्प्रिंग म्हणजे कॅमचे लोब (व्हॉल्व्ह उचलणारे उंचवटे) खलास.

चिरांचं तर बोलायलाच नको. लोखंडी हेड चुंबकीय करून त्यावर लोखंडाची भुकटी टाकली की दोन सीटमधली बारीक चीर उमटून दिसते. हे सगळ्यात आधी करायचं, कारण हेड चिरलेलं असेल तर पुढचा खर्च पाण्यात. मला चिरेबद्दल सांगितलं गेलं ते फेसिंग (फेस घासून सपाट करणं) करून, गाडीचं बिल फाडून झाल्यावर. फेसिंग तरी लागत होतं का? सरळ पट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावून बघा, १५० मिलिमीटरमध्ये ०.०५ पेक्षा जास्त फट नसेल तर बहुतेकदा हात लावायची गरज नसते. गेज न लावताच मशीनवर चढवलं. काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, आणि कॉम्प्रेशन वाढतं ते वेगळंच.

बसवतानाही तोच बेफिकीरपणा. बोल्टवर दिलेल्या टॉर्कपैकी (आवळायच्या पिळापैकी) साधारण ९० टक्के घर्षणात जातो, ताण येतो तो उरलेल्या दहा टक्क्यांतून. गंजके, कोरडे आटे असतील तर टॉर्क रेंचचा आकडा खोटा. आटे टॅप फिरवून साफ करा, तेल लावा, बंद भोकात तेल साचू देऊ नका, नाहीतर बोल्टखाली दाबलं जाऊन ब्लॉक फुटतो. पाण्यात उघडणाऱ्या भोकांना सीलंट लावा. मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळा. यात न समजण्यासारखं काय आहे? पण नाही, दांडीला पाइप लावून "बसलं घट्ट" म्हणायचं आणि हेड-ब्लॉकमधलं गास्केट उडालं की गास्केटच्या कंपनीला शिव्या घालायच्या.

आता हेड परत नेतोय. सोबत कागद नेतोय, प्रत्येक गाइड, प्रत्येक सीट, प्रत्येक स्प्रिंगसाठी रिकामा रकाना काढलेला. आकडे भरून मिळाल्याशिवाय उरलेले पैसे देणार नाही.