आशाताईंच्या फॉर्मवरचे ते दोन प्रश्न

गावातल्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आमच्या आशाताई, तिशीपुढच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म भरतात. आजारांचा धोका ओळखायची ही सरकारी प्रश्नावली. तंबाखू, कंबरेचा घेर, खोकला असं सगळं विचारून झालं की शेवटी दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? प्रत्येक प्रश्नाला 0 ते 3 गुण, 0 म्हणजे अजिबात नाही.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आलेले फॉर्म मी चाळते. त्या दोन प्रश्नांपुढे जवळपास सगळीकडे शून्य, शून्य. आणि त्यातल्याच कितीतरी बायका दर पंधरवड्याला ओपीडीत हजर. अंग ठणकतंय, जीव घाबरतो, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. बीपी ठीक, हिमोग्लोबिन ठीक, थायरॉईड ठीक. "मॅडम, एखादी सलाईन लावा ना."

यात आशाताईंचा काय दोष? फॉर्म ओट्यावर बसून भरला जातो. शेजारी सासू तांदूळ निवडतेय, नवरा दारात उभा. तिथे कुठली सून सांगेल की तिला सगळं नकोसं झालंय?

2005 साली मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांची गोव्यातली पाहणी प्रसिद्ध झाली. अंगावरून पांढरं जाण्याच्या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी जास्त घट्ट निघालं. आपण मात्र अजूनही अँटिबायोटिकचा कोर्स लिहून मोकळे होतो! पुढे गोव्यातच 'मानस' प्रकल्प झाला. स्थानिक समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन दवाखान्यात बसवलं. त्या डॉक्टर नव्हत्या, तरी सरकारी केंद्रांतले नैराश्याचे आणि चिंतेचे पेशंट नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त प्रमाणात बरे झाले. 2010 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापूनही आलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, प्रत्येक केंद्रात अशी समुपदेशक हवीच. लॅब टेक्निशियनचं पद मंजूर होतं, मग हिचं का नाही?

आणि ते पद मिळेपर्यंतही हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. हे दोन प्रश्न बीपीच्या टेबलाशी न्या. पडदा ओढा, नातेवाइकांना बाहेर बसवा, सिस्टरना विचारू द्या. उत्तर 'हो' आलं तर जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरतं ही भीती खोटी आहे. उलट विचारलं की बहुतेकींना आधी रडू येतं, मग बोलणं सुरू होतं. त्या वेळी बाहेरची रांग दहा मिनिटं थांबली तरी चालेल.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात. तो केसपेपरवरच छापा.