म्हणे अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही!

पुण्यात सिंहगड रोडला एक गाळा पसंत पडला. चाळीस हजार भाडं, दोन लाख डिपॉझिट, तीन वर्षं. मी तयार. आणि मालककाका काय म्हणतात? "अकरा-अकरा महिन्यांचं करत जाऊ. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू. अकरा महिन्यांना रजिस्टर करावं लागत नाही."

लागतं हो काका, लागतं! महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे नुसती जागा वापरायची परवानगी, असलं तरी करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर अटींवरून भांडण झालं तर मालक उलटं सिद्ध करेपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. म्हणजे नोटरीचा कागद गोत्यात आणणार तो काकांनाच. पण ऐकतंय कोण? "आमचं वर्षानुवर्षं असंच चाललंय!" वर एजंटची मान डोलतेय.

बरं, खर्च तरी केवढा? तीन वर्षांचं एकूण भाडं, अधिक डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, त्यावर पाव टक्का मुद्रांक. माझ्या आकड्यांनी ३,७५० रुपये. नोंदणी फी १,०००. महिन्याच्या भाड्याचा आठवा हिस्साही नाही! तेवढे मी भरते म्हटलं, तरी चेहरा पडलेला. का ते कळायला वकील लागत नाही. निम्मं भाडं रोख हवंय, कागदावर आकडा यायला नकोय.

आता मसुदा ऐका. लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार मोडायचा नाही हे बंधन, फक्त मला. काकांनी मात्र महिनाभराच्या नोटिशीवर बाहेर काढायचं. मी आत रंग, फर्निचर, फळ्या, बोर्ड, सगळं माझ्या पैशाने करायचं आणि 'जागा पूर्ववत करून द्यायची'. डिपॉझिट कधी परत? त्यावर चकार शब्द नाही.

आणि कळस म्हणजे शेवटचं कलम: महापालिकेने काही कारवाई केली तर जबाबदारी भाडेकरूची. का बरं? मंजूर नकाशा मागितला तेव्हा उत्तर मिळालं. गाळा नकाशात आहे पार्किंग! बिल्डरने भिंती घातल्या, शटर लावलं, विकून मोकळा झाला. काकांनी विकत घेताना भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला, तोही पाहिला नाही, आणि उद्या अतिक्रमणवाले आले की भुर्दंड मी सोसायचा? बिल्डरची चोरी, काकांचा आळस आणि माझ्या दोन लाखांचं पाणी!

एवढं होऊन एजंट काल फोनवर विचारतो, "मॅडम, टोकन कधी देताय? आणि आमचं एक महिन्याचं ब्रोकरेज, कॅशमध्येच बरं का."