अक्षता अंगावर का येत नाहीत

नमस्कार ताई,

तुमच्या आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आम्ही थ्रीडी करून दिली. माणसं छान उठून दिसतात, पण अक्षता अंगावर आल्यासारख्या वाटत नाहीत आणि एवढं तर टीव्हीचं साधं चित्र थ्रीडी करणारं बटणही फुकटात करतं, असं तुम्ही लिहिलंय. अंतरपाट दूर होतो तो क्षण जवळून बघायची तुमची इच्छा मला कळते.

टीव्हीशी केलेली तुलना मात्र मान्य नाही. ते बटण ठोकळ अंदाजावर चालतं : चित्रात खाली ते जवळ, वर ते लांब. आम्ही प्रत्येक माणसाची कड हाताने काढतो. नाक किती पुढे, कान किती मागे, मुंडावळ्या कपाळापासून किती सुटलेल्या, हे ठरवून दुसऱ्या डोळ्याचं चित्र बनवतो, कारण थ्रीडीत दोन डोळ्यांना दोन किंचित वेगळी चित्रं दाखवावी लागतात. त्या चित्रात माणूस जरासा सरकतो आणि त्याच्यामागची जी जागा उघडी पडते, ती कॅसेटमध्ये नसतेच. ती रंगवून भरावी लागते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे मिनिटाला १५००. ‘टायटॅनिक’ २०१२ साली थ्रीडीत आला, तेव्हा स्वच्छ फिल्म हाताशी असूनही त्या कामाला साठेक आठवडे लागले होते.

आता अक्षता. व्हीएचएसवर उडता तांदूळ म्हणजे एका फ्रेममध्ये दिसणारी पांढरी पुसट रेघ, पुढच्या फ्रेममध्ये गायब. जुन्या टेपवरचे पांढरे ओरखडेही अगदी तसेच दिसतात. ओरखडाच पुढे आला तर तो डोळ्यात खुपतो. म्हणून अक्षता वधूवरांच्याच अंतरावर ठेवल्या, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

बाकी चित्राची खोलीही, म्हणजे गोष्टी किती पुढे-मागे दिसाव्यात तेही, विचार करूनच बेताची ठेवली आहे. त्या प्रसंगात डावीकडे कुणाचा तरी कोपर फ्रेमच्या कडेने कापला गेलाय. तो पडद्याबाहेर काढला तर अर्धा हात हवेत तरंगतो. मागची भिंत फार मागे ढकलली, तर मोठ्या टीव्हीवर तिच्या दोन प्रतिमांतलं अंतर डोळ्यांमधल्या साधारण साडेसहा सेंटिमीटरपेक्षा जास्त होतं, आणि डोळे बाहेरच्या बाजूला ताणले जातात. हा व्हिडिओ आईबाबाही बघणार, असं तुम्हीच सांगितलं होतं.

सप्तपदी मात्र कॅमेरा स्टँडवर ठेवून घेतलेली आहे, चित्र स्थिर आहे. तिथे खोली वाढवता येईल. तुमचा हेडसेट घेऊन या, समोर बसून तुम्हाला हवी तेवढी लावून देतो. त्याचे पैसे घेणार नाही. कॅसेट आणू नका, तिची डिजिटल प्रत आमच्याकडे आहे.