चपला कोण शिवतं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार सर,

अद्भुतकथा लिहू पाहणाऱ्या नव्या मुलांसाठी मी लिहिलेल्या लेखावर तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाने रागावून का होईना, पण दोन पानं लिहावीत, याचं मला मोल आहे. म्हणून उत्तरही सावकाश लिहिते आहे.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. जादूगार, ड्रॅगन, शापित राज्यं हे आपलं नव्हेच. मराठी कादंबरी १८५७ साली 'यमुनापर्यटन'मधून विधवांचं दुःख घेऊन जन्मली, तो आपला वारसा. शेतकरी कर्जात आणि पदवीधर घरी बसलेले असताना मुलांना असल्या गोष्टी लिहायला लावणं ही पळवाट आहे. आणि मी ज्याला त्याला 'छान, लिहीत राहा' म्हणते, त्यामुळे कच्च्या लिखाणाचा ढीग तेवढा वाढतो. शेवटी तुम्ही लिहिलंत, "माझी आजीसुद्धा पिंपळावरच्या मुंजाच्या गोष्टी सांगायची. त्या भाकडकथांतून बाहेर पडायलाच आम्ही शिकलो."

मी या शेवटच्या वाक्यापाशी अडकले. तिथूनच सुरू करते.

मुंजा म्हणजे कोण? मुंज झालेला, पण लग्नाआधी गेलेला मुलगा. आठ-दहा वर्षांचा. ज्या काळात साध्या तापाने घरातली दोन-दोन पोरं जायची, त्या काळातली ही समजूत आहे. डोक्यावरचा घेरा अजून नीट वाढलेला नाही, भिक्षावळीतले लाडू संपलेले नाहीत, आणि मुलगा गेला. त्याच्या आईला सगळ्यांनी सांगितलं असणार की आता विसर. ती विसरली नाही. तिच्यासाठी तो कुठे गेलाच नाही, घरामागच्या पिंपळावर बसला. सर, मला ही भाकडकथा वाटत नाही. एका घरात जे मोठ्याने बोलता येत नव्हतं, ते बोलायची ती जागा होती. बालमृत्यूवर लेख लिहिता येतो, तो लिहिलाच पाहिजे. पण तिन्हीसांजेला पिंपळाखालून जाताना पावलं भरभर का पडतात आणि तरी मान वर का वळते, हे त्या लेखात मावत नाही.

आता वारशाबद्दल. 'यमुनापर्यटन' १८५७चं, हे अगदी बरोबर. पण त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची मोठी लाट उसळली. त्यातलं बरंच आज वाचवत नाही हे मी मान्य करते, पण ती लाट मराठीतच उसळली होती. आणि आपण ज्याला 'कादंबरी' म्हणतो तो शब्द तरी कुठला? ७व्या शतकातल्या बाणभट्टाच्या गद्यकाव्याच्या नायिकेचं ते नाव. त्या कथेत पोपट राजाच्या दरबारात आपली हकीकत सांगतो, चंद्र माणसाचा जन्म घेतो, आणि माणसं मागच्या जन्मीचं प्रेम पुढच्या जन्मी शोधत राहतात. हिंदीने 'उपन्यास' म्हटलं, आपण या सगळ्या साहित्यप्रकारालाच एका अद्भुतकथेचं नाव दिलं आणि आता तिलाच म्हणतो, तू आमची नव्हेस.

तरी तुमच्या रागात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी दडपणार नाही. माझ्याकडे वाचायला येणाऱ्या दहा कथांपैकी निम्म्या कथांत बर्फ पडत असतो. ज्या मुलाने आयुष्यात बर्फ फक्त रसवंतीच्या लाकडी खोक्यात पाहिला आहे, त्याचा नायक बर्फातून घोडा दौडवतो, मठात जातो, पांढऱ्या दाढीच्या म्हाताऱ्याकडून तलवार घेतो. नावं अशी की कुठल्याच भाषेत हाक मारता येऊ नये. हे उसनं आहे, आणि तुम्ही पकडलंत ते बरोबर पकडलंत. पण त्याची चूक अद्भुत लिहिण्यात नाही, स्वतःच्या अंगणातलं अद्भुत न बघण्यात आहे. त्याला मी काय सांगते ते एका उदाहरणाने दाखवते. मूळ लेखात हे करायचं राहून गेलं होतं.

वेंगुर्ल्याजवळ आरवली नावाचं गाव आहे. तिथला वेतोबा तुम्हाला ठाऊक असेल. लोक नवस फेडायला त्याला केळ्यांचे घड वाहतात आणि चामड्याच्या चपला वाहतात, माणसाच्या पायात कधी बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. आता नवा लेखक हे ऐकतो आणि लगेच लिहायला बसतो, की एके रात्री राक्षस येतो आणि रखवालदार देव त्याच्याशी लढतो. मी म्हणते, जरा थांब. चपला कोण शिवतं?

इथून गोष्ट सुरू होते. गाव मनातलं घ्या, देवही मनातला घ्या, कुणाच्या श्रद्धेशी खेळायची गरज नाही. त्या गावात एकच घर ही भलीमोठी जोडी शिवतं. दर जत्रेला नवी जोडी आत जाते आणि झिजलेली त्या घरी परत येते. शिवणारा मात्र कधी देवळात गेलेला नाही, त्याची जागा दीपमाळेच्या अलीकडे. चपला आत जातात, माणूस बाहेर राहतो. त्याला देवाचा चेहरा ठाऊक नाही, पण पाऊल ठाऊक आहे. डावी टाच जास्त झिजली म्हणजे देव यंदा घाटीच्या बाजूला जास्त वळला. तळाच्या टाक्यांत वाळू अडकली म्हणजे खाडीपर्यंत जाऊन आला. गावात कुणालाही नसलेलं ज्ञान त्याला आहे, आणि ते त्याने कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलेलंच नाही.

नियम एकच: जेवढं चालणं तेवढी झीज. एवढा पुरे. नवी मुलं जादूचे चाळीस नियम वहीत लिहून ठेवतात, आणि कथेत त्यातला एकही कुणाला टोचत नाही. एकच नियम घ्यावा, पण तो माणसाच्या पोटाशी आणून भिडवावा.

तर एका वर्षी जोडी परत येते ती जशीच्या तशी. तळ कोरा, वादी कडक. देव चाललेलाच नाही. आता हा काय करेल? गावाला सांगावं तर घबराट. न सांगावं तर राखण नाही. आणि शिवाय, जोडी झिजली नाही तर नवी कोण घेणार? वर्षाचं धान्य त्या जोडीवर येतं. बघा, तुमचं कर्ज आणि तुमची बेकारी इथे आपल्या पायांनी चालत आली, मला आणावी लागली नाही. तो रात्री दगडावर तळ घासायला बसतो. दोन हात मारतो आणि थांबतो. त्याला कळतं की ही झीज खोटी आहे. दगडाने कातडं सोलतं. चालल्याने ते दबतं, कडेला गुळगुळीत होतं, अंगठ्याखाली काळं पडतं. दुसऱ्या कुणाला फरक कळणार नाही, पण त्याला कळतो. मग एकच उपाय उरतो. तो त्या प्रचंड चपलांत पाय घालतो, वादीने घोट्याशी बांधतो आणि गावाची शीव चालायला निघतो. रोज रात्री. मुलगी विचारते, बाबा, तुम्ही कुठे जाता?

पुढचं मी मुलांना सांगत नाही. एकीने लिहिलं की वर्षअखेर त्या चपला त्याला नेमक्या मापाच्या झाल्या. एकाने लिहिलं की शेवटच्या रात्री समोरून दुसरी पावलं वाजत आली आणि त्याच्यासाठी वाट सोडून उभी राहिली. तो शेवट ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. सर, या कथेत जात आहे, पोट आहे, बापलेकीचं नातं आहे, श्रद्धा आहे आणि श्रद्धेचा भार नेमका कोण वाहतो तेही आहे. ही पळवाट असेल तर ती थेट गावाच्या मध्यातून जाते.

आपल्याकडे अशा जागा किती आहेत! देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, हा नियम आहे आणि त्याला किंमत आहे. देवाला कौल लावतात, कळी उजवीकडून पडली तर एक उत्तर, डावीकडून पडली तर दुसरं. पण ज्याला मनातून डावीच हवी आहे, तो प्रश्न कसा विचारेल? सटवाई सहाव्या रात्री बाळाच्या कपाळावर लिहून जाते म्हणून आपण कोरा कागद आणि लेखणी ठेवतो. एका मुलीने मला फक्त एवढंच लिहून पाठवलं होतं: सकाळी कागदावर अर्धंच वाक्य होतं. मी तिला म्हटलं, झोपू नकोस, आजच पुढचं लिही.

आता तुमचा शेवटचा आक्षेप, मला सगळ्यात लागलेला. मी ज्याला त्याला उत्तेजन देते.

गेल्या वर्षी एक कॉलेजातला मुलगा जाडजूड वही घेऊन आला. तिच्यात नकाशा होता, चौदा राज्यं होती, वंशावळी होत्या, स्वतंत्र पंचांग होतं. दोन वर्षं तो हेच करत होता. कथा एकही ओळ नव्हती. मी 'छान' म्हटलं नाही. मी विचारलं, या राज्यात सकाळी दूध कोण घालतं? तो गप्प झाला. खरं सांगते, मला वाटलं आता हा परत येत नाही. पंधरा दिवसांनी आला तो तीन पानं घेऊन. दोन राज्यांच्या सीमेवरचा दूधवाला, अलीकडचं माप वेगळं, पलीकडचं वेगळं, आणि सीमा रात्रीतून सरकते, म्हणून रोज सकाळी आधी त्याला शोधावं लागतं की आपली म्हैस आज कुठल्या राज्यात उभी आहे. त्या तीन पानांत ती चौदा राज्यं पहिल्यांदा जिवंत झाली.

हे उत्तेजन आहे, सर. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण काय करत होतो? हुंकार देत होतो. 'हूं' म्हणायचं विसरलं की आजी थांबायची, झोपलास का रे म्हणायची. हुंकार म्हणजे वाहवा नव्हे. हुंकार म्हणजे मी जागा आहे, पुढे काय झालं ते सांग. नव्या लेखकाला नेमकं हेच कुणी देत नाही. त्याला एकतर टाळ्या मिळतात, नाहीतर 'हे काय लिहिलंयस'. मी पंचविशीत असताना एका मासिकाला कथा पाठवली होती. विहिरीतल्या आसरांची, म्हणजे पाण्यातल्या अप्सरांची होती. 'वास्तवाशी संबंध नाही' या एका ओळीसह ती परत आली. तिच्यात काय कच्चं आहे, कुठे सैल आहे, एक अक्षर नाही. त्यानंतर नऊ वर्षं मी कथा लिहिली नाही. ती नऊ वर्षं मला दुसऱ्या कुणाची जाऊ द्यायची नाहीत.

गुणाढ्याची गोष्ट तुम्ही वर्गात कधी सांगितली असेल. सातवाहन राजाच्या पदरी प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात, असलेला गुणाढ्य. सात वर्षं खपून, शाई नाही म्हणून स्वतःच्या रक्ताने, त्याने 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. राजाने ती भाषा पाहूनच नाकारली. मग गुणाढ्य डोंगरावर अग्नी पेटवून बसला आणि एकेक पान वाचून जाळू लागला. हरणं, रानडुकरं चरायची सोडून भोवती बसली आणि रडत ऐकू लागली. इकडे राजाच्या ताटात सुकलेलं मांस येऊ लागलं, चौकशी झाली, राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एका लाखाची कीर्ती एवढी, की पुढे ११व्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला तो तिच्याच आधाराने. ही दंतकथा आहे, मला माहीत आहे. पण ज्याने ती रचली त्याला ऐकणारा न मिळणं म्हणजे काय, हे नक्की माहीत होतं.

ढिगाचं म्हणाल, तर ढीग होणारच. गाणं शिकणाऱ्या मुलीला कुणी म्हणत नाही की बेसूर 'सा'चा ढीग वाढवू नकोस. माझ्या लेखातलं एक वाक्य मात्र मी तुमच्यामुळे मागे घेते. 'सुचेल ते लिहा' असं मी म्हटलं होतं, ते अर्धवट होतं. सुचेल ते टिपा, पण त्यातलं एकच निवडा आणि ते संपवा. सात भागांची मालिका नंतर. आधी एक रात्र, एक जागा, दोन माणसं, दीड-दोन हजार शब्द, आणि शेवटपर्यंत. मग घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, आणि ऐकणारा कुठे चुळबुळला तिथे पेन्सिलीने खूण करा. लेखात मी तशी दुरुस्ती केली आहे.

आणि एक मागणं आहे. तुमच्या आजीच्या गोष्टीतला मुंजा पिंपळावरून खाली का उतरत नव्हता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. त्याला कुणाची वाट होती? आजी तो भाग कोणत्या आवाजात सांगायची? लिहून पाठवा, कितीही कच्चं असू द्या.

हूं.